द्रवातून पुढे आलेलं बल

कॅसिमिर बल, म्हणजे अगदी जवळ आणलेल्या पृष्ठभागांमधे त्यांवर विद्युतभार नसतानाही जाणवणारं बल, म्हटलं की निर्वातात समोरासमोर ठेवलेल्या दोन धातूच्या पाट्या आठवतात. या बलाचा शोध मात्र सुरू झाला तो द्रवात तरंगणाऱ्या बारीक भुकटीपासून, आणि त्याची सगळ्यात रंजक बाजूही द्रवातच दिसते.

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला फिलिप्स कंपनीची संशोधन प्रयोगशाळा होती. तिथल्या ह्यूगो हामाकर यांनी १९३७ मध्येच गणिताने दाखवलं होतं, की दोन वेगळ्या पदार्थांचे कण योग्य द्रवात ठेवले तर ते एकमेकांना दूरही लोटू शकतात. पुढे त्याच प्रयोगशाळेत टेओडोर ओव्हरबेक कलिलांचा, म्हणजे द्रवात बारीक कण तरंगत असलेल्या मिश्रणांचा, अभ्यास करत होते. क्वार्ट्झच्या भुकटीवरचे त्यांचे प्रयोग अणूंमधल्या आकर्षणाच्या लंडन यांच्या १९३०च्या सिद्धांताशी जुळेनात. लांबच्या अंतरावर आकर्षण सिद्धांतापेक्षा लवकर ओसरत असावं, अशी त्यांना शंका आली. प्रकाशाला एका अणूकडून दुसऱ्याकडे जायला वेळ लागतो, हे गणितात धरायला हवं होतं. हेंड्रिक कॅसिमिर आणि डिर्क पोल्डर यांनी ते धरलं. उत्तर इतकं सुटसुटीत आलं, की त्यामागे काहीतरी साधं कारण असणार असं कॅसिमिरना वाटलं. नील्स बोर यांच्याशी बोलताना ही गोष्ट निघाली. ‘शून्यबिंदू ऊर्जेशी संबंध असेल’, असं काहीसं बोर पुटपुटले; म्हणजे रिकाम्या निर्वातातही उरणाऱ्या ऊर्जेशी. कॅसिमिरना तेवढं पुरलं. १९४८ मध्ये दोन पाट्यांचं प्रसिद्ध सूत्र आलं. प्रकाश पूर्णपणे परतवणाऱ्या आदर्श आरशांसाठी १ मायक्रोमीटर अंतरावर या बलाचा पाट्यांवरचा दाब पास्कलच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो; १० नॅनोमीटरवर तो थेट वातावरणाच्या दाबाच्या घरात जातो.

खरे पदार्थ आदर्श आरसे नसतात. मॉस्कोत देर्यागिन आणि अब्रिकोसोव्हा यांनी क्वार्ट्झच्या पृष्ठभागांमधलं बल मोजलं, आणि येवगेनी लिफ्शिट्झ यांनी १९५५-५६ मध्ये खऱ्या पदार्थांसाठी सिद्धांत मांडला. पदार्थातले विद्युतप्रवाह सतत थरथरत असतात आणि बल त्या थरथरीतून येतं, ही त्यातली मूळ कल्पना. मधल्या फटीत द्रव भरला की गणित फारच अवघड होतं. ते काम द्झ्यालोशिन्स्की, लिफ्शिट्झ आणि पितायेव्स्की यांनी १९६१ पर्यंत तडीस नेलं. माझ्या मते या विषयातली सर्वांत मोठी झेप हीच. तिचा निष्कर्ष असा: द्रवाचा परावैद्युतांक (पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो याचं माप) दोन्ही घनांच्या परावैद्युतांकांच्या मधे पडत असेल, तर पृष्ठभाग एकमेकांना ढकलतात. दोन्ही पृष्ठभाग एकाच पदार्थाचे असतील तर मात्र मधे कोणताही द्रव घाला, आकर्षणच राहतं.

एक ठोस पुरावा द्रवरूप हेलियमने दिला. त्याचा परावैद्युतांक घन भिंत आणि वरची वाफ यांच्या मधला असल्यामुळे त्याचा पातळ थर भिंतीवर वर चढत जातो. १९७३ मध्ये सॅबिस्की आणि अँडरसन यांनी अशा थरांची जाडी ध्वनिलहरींनी मोजली. ती सिद्धांताशी उत्तम जुळली.

दोन घनांमधलं प्रतिकर्षण अगदी कमी अंतरांवर आधीही दिसलं होतं. जास्त अंतरावरची निर्णायक मोजणी २००९ मध्ये मंडे, कपासो आणि पार्सेजियन यांनी केली. सोन्याचा मुलामा दिलेला सुमारे ४० मायक्रोमीटर व्यासाचा गोळा त्यांनी सूक्ष्म पट्टीच्या टोकाला चिकटवला आणि ब्रोमोबेंझीनमध्ये बुडवून पृष्ठभागाजवळ आणला. समोर सोनं असताना पट्टी त्याच्याकडे ओढली गेली. समोर सिलिका ठेवल्यावर ती दूर वाकली. गोळा तोच, द्रव तोच, फक्त समोरचा पृष्ठभाग बदलला.

२०१९ मध्ये बर्कलीच्या गटाने टेफ्लॉनचा लेप दिलेल्या सोन्यावर, इथेनॉलमध्ये, सोन्याची पातळ चकती स्थिर तरंगत ठेवली. जवळ गेली की टेफ्लॉन तिला ढकलतं, दूर गेली की खालचं सोनं ओढतं.

अशा मोजण्यांत पृष्ठभागांवरचे साधे विद्युतभार आणि द्रवातले आयन वेगळे काढणं जिकिरीचं असतं. गणितासाठी द्रवाचा प्रतिसाद अवरक्तापासून दूरच्या अतिनीलापर्यंत माहीत असावा लागतो. तीन पदार्थांचे परावैद्युतांक जवळजवळ असले, तर त्या माहितीतल्या छोट्याशा चुकीनेही आकर्षणाच्या जागी प्रतिकर्षण असं उत्तर येऊ शकतं.