ओरडल्यानं काम होतं?

"साहेब कडक असला की माणसं कामाला लागतात," हे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मी वर्षानुवर्षं ऐकतोय. ते खरं नाही. चारचौघांत आईबहिणीवरून बोलणी खाल्लेला फाउंड्रीतला, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यातला, साचे करणारा मोल्डर मान खाली घालून हात चालवतो, पण त्याचं मन कामातून उठलेलं असतं. साच्यात ओल राहिलीय हे त्याला दिसतं, तरी तो बोलत नाही. मग ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळी, पडलेला ओतीव भाग भंगारात. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या रुग्णालयांच्या अभ्यासात, चांगल्या प्रमुखाच्या हाताखाली औषधांच्या चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती. शिस्त वेगळी, पाणउतारा वेगळा. खानापूरहून पहाटेची गाडी पकडून येणारा पोरगा कामचुकार नसतो हो!