समाजोपयोगी ऑप्टिमायझेशनमध्ये पीएचडी आणि पुढची वाट: पात्रता, कागदपत्रं, वेळापत्रक

ऑप्टिमायझेशन म्हणजे ठरलेल्या मर्यादांत सगळ्यात चांगला पर्याय गणिताने शोधणं. ते समाजाच्या प्रश्नांसाठी वापरायचं आणि त्यातच पीएचडी करायची, तर पहिला घोळ विभागाच्या नावापासूनच होतो. ‘समाजासाठी ऑप्टिमायझेशन’ अशा नावाचा विभाग शोधत बसलात, तर हाती फारसं लागत नाही. हेच काम ऑपरेशन्स रिसर्च (निर्णय घेण्याचं गणित), इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग, उपयोजित गणित, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र, अगदी बिझनेस स्कूलमधलं ऑपरेशन्स मॅनेजमेंट अशा वेगवेगळ्या पाट्यांखाली चालतं. म्हणून आधी माणसं शोधा. किडनी अदलाबदल, शाळाप्रवेश, रुग्णवाहिकांच्या जागा, आपत्तीतली मदत, यांपैकी जे खुणावतं त्यावरचे ताजे पेपर काढा आणि लेखक कुठे शिकवतात ते बघा. अर्ज त्यांच्या विभागाच्या पोर्टलवर जातो.

पात्रता

अमेरिकेत आणि कॅनडात वेगवेगळी पद्धत आहे. अमेरिकेत बॅचलर्सनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. कॅनडात अनेक ठिकाणी आधी मास्टर्स मागतात. युरोपात बहुतेक ठिकाणी मास्टर्स लागतेच, पण तिथे पीएचडी ही बऱ्याचदा पगारी नोकरी असते. जागा निघते, जाहिरात येते, मुलाखत होते. पदवी गणिताचीच हवी असं नाही. लिनिअर अल्जिब्रा, संभाव्यता, सिद्धता लिहिण्याची सवय आणि पायथन किंवा ज्युलियासारखी एखादी भाषा, एवढं गुणपत्रकात नाहीतर कामात दिसलं पाहिजे. जीआरई ही प्रवेशपरीक्षा अनेक विभागांनी ऐच्छिक केली आहे, काहींनी काढूनच टाकली आहे.

युरोपीय संघाच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये (संघाच्या निधीतून पीएचडीच्या जागा देणारी योजना) एक अट हमखास नजरेतून सुटते. नेमणुकीच्या आधीच्या 36 महिन्यांत, ज्या देशात संस्था आहे तिथे तुम्ही 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. पीएचडी आधीच झालेली असेल तरीही अर्ज चालत नाही.

कागदपत्रं

गुणपत्रकं, सीव्ही, भाषाचाचणीचा निकाल (मागितला असेल तर), साधारण 3 शिफारसपत्रं आणि स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे काय संशोधन करायचं आहे आणि का, हे सांगणारा तुमचा लेख. पहिल्या तिघांवर वेळ घालवू नका. निकाल लागतो तो स्टेटमेंटवर.

बहुतेक स्टेटमेंटं ‘मला समाजासाठी काहीतरी करायचं आहे’ इथून सुरू होतात आणि तिथेच संपतात. निवड समितीला पाहायचं असतं ते वेगळंच: प्रश्नाचं गणित करताना तुम्ही कुठे अडखळलात? एक छोटं उदाहरण घ्या. सरळ रस्त्यावर 0, 10 आणि 30 किलोमीटरवर तीन वस्त्या आहेत, आणि 80, 15 आणि 5 टक्के लोक त्यांत राहतात. रुग्णवाहिका एकच. सरासरी अंतर कमीत कमी ठेवायचं तर ती 0 वर उभी राहते. सरासरी 3 किलोमीटर, पण टोकाच्या वस्तीला 30. सगळ्यात लांबच्या माणसाचा विचार केला तर ती 15 वर जाते. कमाल अंतर 15, सरासरी मात्र 13.5. गणित दोन्हीकडे बरोबरच आहे. उद्दिष्ट फलन (म्हणजे नेमकं काय कमी किंवा जास्त करायचं ते) कोणतं निवडायचं आणि ते कोणाला विचारून ठरवायचं, यावर तुमचा स्वतःचा एक परिच्छेद असेल तर अर्ज ढिगातून वर येतो.

किडनी अदलाबदलीतही तेच. आपल्या रुग्णाशी न जुळणारे दाते इथे एकमेकांच्या रुग्णांना किडनी देतात, आणि अशा रुग्ण-दाता जोड्यांचं एक चक्र तयार होतं. एका चक्रातल्या शस्त्रक्रिया एकाच वेळी कराव्या लागतात, नाहीतर आपल्या माणसाला किडनी मिळाल्यावर एखादा दाता माघार घेऊ शकतो. म्हणून चक्र सहसा 2-3 जोड्यांपुरतंच ठेवतात. ही मर्यादा शस्त्रक्रियागृहातून मॉडेलमध्ये आली आहे. अशी एखादी मर्यादा तुम्हाला कुठे भेटली, ते लिहा.

शिफारसपत्रासाठी मोठ्या नावामागे धावू नका. ज्यांनी तुमचा चुकलेला कोड पाहिला आहे, तेच तुमच्याबद्दल नेमकं लिहू शकतात. निदान सहा आठवडे आधी विचारा आणि स्टेटमेंटचा मसुदा सोबत द्या.

पीएचडीनंतर

मग पोस्टडॉक (पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी) किंवा थेट प्राध्यापकपद. तेव्हा कव्हर लेटर, रिसर्च स्टेटमेंट, टीचिंग स्टेटमेंट आणि निवडक पेपर जोडावे लागतात. उत्तर अमेरिकेत या जाहिराती शरद ऋतूत येतात, आणि इन्फॉर्म्स या ऑपरेशन्स रिसर्चवाल्यांच्या संघटनेची वार्षिक परिषदही त्याच सुमारास भरते. त्यामुळे उमेदवार तिथे भाषण देतात आणि विभागांची माणसं ती ऐकून पुढे बोलावतात. संस्थेसोबत केलेलं काम असेल तर ते प्रत्यक्ष वापरात आलं का, हा प्रश्न येणारच. जागतिक अन्न कार्यक्रमाला ऑपरेशन्स रिसर्चच्या प्रत्यक्ष वापरासाठी दिलं जाणारं 2021 चं फ्रांझ एडेलमन पारितोषिक मिळालं, ते अन्नमदतीचं नियोजन खरोखर मॉडेलवर चालवल्याबद्दल. आरोग्याचा डेटा वापरला असल्यास नैतिकता समितीची मंजुरी हाताशी ठेवा.

वेळापत्रक

अमेरिकेतल्या पीएचडी अर्जांची मुदत बहुधा डिसेंबरच्या आसपास संपते. अर्जाच्या शुल्कात माफी हवी असेल तर अर्ज सादर करण्याआधी मेल करा. नंतर फारसं कोणी ऐकत नाही. आर्थिक साहाय्यासह प्रवेश मिळाला आणि विद्यापीठाने ग्रॅज्युएट स्कूल परिषदेचा (विद्यापीठांच्या संघटनेचा) याबाबतचा ठराव मान्य केलेला असेल, तर 15 एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं बंधन नसतं. त्याआधी घाई करणारा मेल आला, तर ही तारीख विनम्रपणे आठवून द्यायला हरकत नाही.