लाकडावरची खवलेदार छत्री : आमच्या धिंगरी ग्राहकांसाठी

दोन-तीन दिवस पाऊस लागला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो सुरू. कुणाच्या शेतातला बाभळीचा ओंडका, कुणाच्या परसातलं वाळलेलं आंब्याचं खोड, त्यावर खवल्या-खवल्यांच्या छत्र्या (अळिंबी) आणि खाली प्रश्न : "ही तुमचीच धिंगरी का?"

नाही. धिंगरी म्हणजे ऑयस्टर अळिंबी. तिची छत्री शिंपल्यासारखी, वरून गुळगुळीत. धिंगरी काढून संपलेली आमची पिशवी तुम्ही झाडाखाली टाकली आणि तिला पुन्हा फुटवे आले, तरी त्यांवर खवले येणार नाहीत. खवले दिसले की जात दुसरी.

बहुधा ती लेंटिनस स्क्वॅरोसुलस असते. उष्ण प्रदेशात मेलेल्या लाकडावर उगवणारी. रंग सायीसारखा, मध्ये खळगा, जून झाली की चक्क नरसाळं. खवले बारीक, राखाडी-तपकिरी, मध्याकडे दाट. आता उलटी करा. खालच्या चुण्या दाट आणि देठावर उतरत गेलेल्या. भिंग असेल तर चुणीची कड बघा, करवतीसारखी दातेरी दिसेल. खरी खूण ही, आणि वरून काढलेल्या फोटोत नेमकी तीच दिसत नाही. देठही चिवट असतो.

बीजाणूंच्या, म्हणजे छत्रीच्या बियांसारख्या बारीक कणांच्या, रंगाची परीक्षा घरी करता येते. देठ कापून छत्री चुण्यांकडून कागदावर पालथी ठेवा. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा घ्या. वर वाटी झाका, रात्रभर हलवू नका. सकाळी बीजाणूंची भुकटी पडलेली असते. लेंटिनसची पांढरट. तपकिरी पडली तर ती लेंटिनस नव्हे. फोलिओटा नावाच्या खवलेदार छत्र्यांची भुकटी तशी असते आणि गॅलेरिनाचीही. गॅलेरिनाला खवले नसतात, पण तीही लाकडावरच येते आणि जीव घेते. हिरवट भुकटी म्हणजे क्लोरोफायलम. ही खवलेदार छत्री लाकडावर नाही, गवतात उगवते, आणि खाल्ली की उलट्या-जुलाब ठरलेले.

पांढरी भुकटी म्हणजे खायला हरकत नाही, असं मात्र समजू नका. काही अतिविषारी छत्र्यांचीही भुकटी पांढरीच असते. चांदीचं नाणं काळं पडणं, लसूण काळा पडणं, किडीने खाल्लेली असणं, या परीक्षा साफ खोट्या. शिजवूनही गॅलेरिनाचं विष जात नाही.

ईशान्य भारतात लेंटिनस कोवळी असताना आवडीने खातात. तरीही फोटोवरून आम्ही फार तर नाव सांगू, "खा" म्हणणार नाही. आग्रह करू नका. फोटो पाठवाल तर वरून, खालून आणि लाकडासकट, असे तीन पाठवा.

कुणी खाल्लीच असेल तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका. गॅलेरिनासारख्या विषाचा त्रास ६ ते २४ तासांनी सुरू होतो, मध्ये थोडं बरं वाटतं आणि आतून यकृत निकामी होत असतं. १०८ला फोन करा किंवा थेट सिव्हिल गाठा, आणि उरलेली छत्री कागदात गुंडाळून सोबत न्या, शिजवलेली असली तरी.