पुस्तक-मतदान, शालेय

ठरावीक बालपुस्तके वाचून झाल्यावर त्यांतले आवडते पुस्तक मुलांनी स्वतः गुप्त मतदानाने निवडण्याचा शालेय उपक्रम. बालसाहित्याचे बहुतेक पुरस्कार मोठी माणसे ठरवतात. साहित्य अकादमीचा २०१० पासूनचा बालसाहित्य पुरस्कारही परीक्षकच देतात. इथे कौल देतो तो ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले तो वाचक.

अमेरिकेच्या वायव्य भागात बालवाचकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार १९४० साली सुरू झाला. कॅन्सस राज्यातला विल्यम ॲलन व्हाइट पुरस्कार १९५२ चा. ब्रिटनमध्ये १९८० पासून, तर फ्रान्समध्ये १९८८ पासून असे पुरस्कार दिले जातात. फ्रान्समधली मुले यादीतली सगळी पुस्तके वाचून प्रत्येकाविषयी स्वतःचे मत बनवतात आणि मगच मत देतात. या उपक्रमातली सर्वांत मोलाची अट हीच. न वाचता दिलेले मत मुखपृष्ठाला जाते, नाहीतर मैत्रिणीला.

गोव्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळा पहिली ते चौथीच्या. अनेक शाळांचा पट लहान असतो आणि एकच बाई दोन-तीन वर्ग एकत्र घेतात. अशा शाळेत पाच-सहा पुस्तकांची यादी पुरेशी होते. प्रती कमी असल्या तर पुस्तक घरोघरी फिरवावे लागते. पहिली-दुसरीला ते मोठ्याने वाचून दाखवावे आणि चित्रे सावकाश पाहू द्यावीत. वाचनासाठी निदान दोन महिने लागतात. आठवड्याभरात उरकलेले मतदान ही नुसती स्पर्धा होते.

मतदानाआधीची चर्चा हा उपक्रमाचा गाभा. पुष्कळ मुलांच्या घरची बोली कोंकणी, पुस्तक मराठी. ‘म्हाका हें पुस्तक आवडलें’ असे एखादी म्हणाली की बाईंनी तिला मराठीत बोलायला लावू नये, फक्त ‘कित्याक?’ (का?) विचारावे. कारण सांगताना मूल पुस्तकात पुन्हा शिरते, पान उघडून दाखवते, दुसऱ्याचे म्हणणे खोडून काढते. आपली आवड बाईंनी मोजणी होईपर्यंत मुळीच सांगू नये. लहान मूल बाईंना खूश करण्यासाठी मत सहज बदलते.

मतपत्रिकेवर नावाबरोबर मुखपृष्ठाचे छोटे चित्र हवे, म्हणजे अक्षरे जुळवणारे मूलही मदतीवाचून मत देऊ शकते. चित्रावरून मत देणे गोव्याला नवे नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या बाजूचे चिन्ह फूल होते आणि विरोधाचे दोन पाने. मतपेटीला खोका चालतो, पण आडोसा खराच असावा. बोटाला शाई लावली की मुलांना विशेष आनंद होतो. ‘यापैकी एकही नाही’ हा पर्यायही ठेवावा. सगळीच पुस्तके नावडण्याचा हक्क मुलाला आहे, आणि तसे मत निघाले तर यादी करणाऱ्यांनी त्याचा विचार करायचा.

मोजणी सगळ्यांसमोर, मतपत्रिका एकेक उलगडून, फळ्यावर रेघा मारत करावी. पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथीची मते वेगळी मोजलेली बरी, कारण या वयांच्या आवडींत मोठा फरक पडतो. निकाल नोटीस बोर्डावरच राहिला तर मुलांचा विश्वास उडतो. समग्र शिक्षा योजनेतून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. त्यातला काही भाग जिंकलेल्या पुस्तकाच्या जादा प्रती आणि त्याच लेखकाची इतर पुस्तके घेण्यासाठी राखून ठेवावा, आणि पुढच्या वर्षीच्या यादीतली एक-दोन पुस्तके मुलांनाच सुचवू द्यावीत.