पार्श्वभूमी : महिला गट आणि ‘तृतीयपंथी’ या शब्दाचा घोळ

सोलापुरात पार्क मैदानावर सकाळी सरावाला येणाऱ्या पोरींच्या पालकांत महिला गटात कोणी खेळायचं हा विषय निघाला की एकच शब्द फिरतो, तृतीयपंथी. घोळ तिथूनच सुरू होतो. जोगते, किन्नर, ट्रान्स स्त्रिया (जन्मताना मुलगा मानल्या गेलेल्या, पण स्वतःला स्त्री मानणाऱ्या) आणि मुलगी म्हणूनच जन्मलेली, वाढलेली, पण शरीराची घडण जरा वेगळी निघालेली खेळाडू, या सगळ्यांना आपण त्या एका शब्दात कोंबतो.

२००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचं रौप्य जिंकून लिंगचाचणीनंतर ते गमावलेली तमिळनाडूची धावपटू आणि २०१४ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर शरीरात टेस्टोस्टेरॉन (पुरुषांत जास्त असणारं हार्मोन) नियमापेक्षा जास्त म्हणून वगळली गेलेली ओडिशाची धावपटू, दोघीही ट्रान्स नव्हत्या. दुसरी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली. शरीरातच तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉनमुळे नेमका किती फायदा होतो याचा पुरेसा पुरावा नाही, म्हणून २०१५ मध्ये तो नियम स्थगित झाला. तरी आजही ट्रान्स खेळाडूंचा वाद निघाला की उदाहरण या दोघींचंच येतं. त्यांच्यावर हा दुसऱ्यांदा अन्याय.

ट्रान्स स्त्रियांचे नियम वेगळ्या वाटेने आले. २००४ पासून ऑलिंपिकसाठी शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार आणि शस्त्रक्रियेनंतर किमान दोन वर्षं जाणं लागे. २०१५ मध्ये शस्त्रक्रियेची अट गेली. त्याऐवजी रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वर्षभर लिटरला १० नॅनोमोलच्या (प्रमाण मोजायचं एकक) खाली असावं लागे. बहुतेक स्त्रियांमध्ये ते दोनच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं, त्यामुळे ओरड होणारच होती. मग मुद्दा आजच्या हार्मोनपेक्षा वयात येताना झालेल्या वाढीवर सरकला. उंची, हाडं, स्नायू नंतरच्या गोळ्यांनी पूर्ण मागे फिरत नाहीत. २०२२ मध्ये जलतरण, २०२३ मध्ये अॅथलेटिक्स आणि क्रिकेट, सगळीकडे वयात येताना पुरुषासारखी वाढ झालेल्या ट्रान्स स्त्रियांना आंतरराष्ट्रीय महिला गट बंद झाला.

सप्टेंबर २०२५ पासून अॅथलेटिक्समध्ये जागतिक क्रमवारीच्या महिला स्पर्धांसाठी प्रत्येकीची एकदा जनुक चाचणी आहे, पुरुषी घडण ठरवणारं जनुक अंगात आहे का ते बघायला. ऑलिंपिकने अशी सरसकट तपासणी १९९९ मध्ये सोडली होती, ती भलत्याच बायकांना पकडत होती म्हणून. म्हणजे ओडिशाच्या त्या मुलीसारख्या पुन्हा त्याच रांगेत.

ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या आपल्या २०१९ च्या कायद्यात ट्रान्स विद्यार्थ्यांना शाळा-कॉलेजात भेदभावाशिवाय खेळायची संधी द्या असं लिहिलंय. कुठल्या गटात, ते लिहिलेलं नाही.