वालाचे बिरडे

मोड आणून सोललेल्या कडव्या वालांची, ओल्या नारळाच्या वाटणातली सरसरीत उसळ. ठाणे-रायगड पट्ट्यातील चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांत श्रावणी सोमवारचा उपास सोडताना बिरडे हमखास असते. त्या दिवशी कांदा-लसूण वगळतात. सोललेल्या वालांना डाळिंब्या म्हणतात. त्यांची गोडा मसाला आणि गूळ घातलेली उसळ इतर मराठी घरांतही होते.

पेण, अलिबाग, पनवेल भागांत भात कापल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. बिरड्याला कडवेच वाल हवेत. त्यांचा दाणा लहान आणि तपकिरी असतो आणि त्या किंचित कडवटपणावरच बिरड्याची चव उभी असते. पांढरट, मोठ्या गोड्या वालांना ती येत नाही. बाजारातली तयार वालाची डाळ तर मुळीच चालत नाही, कारण ती शिजताच पिठूळ होते.

बिरडे बिघडते ते बहुधा चुलीवर चढण्याआधीच, म्हणून तयारी दोन दिवस आधीपासून करावी. सोमवारी करायचे तर शनिवारी रात्री वाल निवडून, धुऊन भरपूर पाण्यात भिजत घालावेत. दहा-बारा तासांनी पाणी फेकून ते ओलसर सुती फडक्यात घट्ट बांधावेत आणि चाळणीत उबेला ठेवावेत. हे पाणी स्वयंपाकात वापरू नये. कच्च्या वालातले कडू, अपायकारक घटक काही अंशी त्यात उतरतात. सोमवारी सकाळपर्यंत अर्धा-एक सेंटिमीटर मोड येतात. थंडीत आणखी अर्धा दिवस लागतो. ठाण्याच्या पावसाळी दमट हवेत मात्र मोड लांबण्यापेक्षा वाल चिकट होऊन वास येण्याची भीती जास्त, म्हणून रविवारी संध्याकाळी फडके सोडून वाल एकदा धुवावेत आणि फडके पिळून पुन्हा बांधावे.

मोडाचे वाल कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवले की साल सैल होते. दाणा चिमटीत धरून हलके दाबला की डाळिंबी सटकन बाहेर येते. पाणी कढत घेतले तर दाणा अर्धवट शिजतो आणि सोलताना दुभंगतो. पाव किलो वाल सोलायला एकट्या माणसाला पाऊण-एक तास लागतो, आणि हे काम घाईने होत नाही. ठाण्याच्या भाजीबाजारात मोड आलेले किंवा सोललेले वालही मिळतात. ते घेताना वास घ्यावा आणि हाताला बुळबुळीत लागले तर सोडून द्यावेत.

पाव किलो कोरड्या वालांसाठी अर्धी वाटी ओले खोबरे, तीन-चार हिरव्या मिरच्या, सहा-सात लसूण पाकळ्या, एक चमचा जिरे आणि मूठभर कोथिंबीर बारीक वाटावी. तीन चमचे तेलात हिंग, हळद आणि एक बारीक चिरलेला कांदा परतून वाटण घालावे. तेल सुटू लागले की डाळिंब्या टाकाव्यात आणि त्या बुडून पेरभर वर येईल इतके गरम पाणी ओतावे. वर पाण्याचे ताट ठेवून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे शिजवावे. पळी घालू नये. पातेले दोन्ही बाजूंनी धरून हलवावे, नाहीतर डाळिंब्या मोडून पिठले होते. कुकरची शिट्टीही हेच करते.

डाळिंबी बोटांनी सहज दबली पाहिजे, पण आकार टिकला पाहिजे. ती मऊ झाल्यावरच चार-पाच आमसुले, गूळ आणि मीठ घालावे. आंबट आधी पडले तर दाणा कितीही वेळ शिजवला तरी दडस राहतो. शेवटी आच कमी करून वाटीभर नारळाचे दाट दूध घालावे आणि कडेने बुडबुडे दिसताच उतरवावे. जोरात उकळले तर आमसुलाच्या आंबटाने दूध फुटते.

गरम भात किंवा तांदळाच्या भाकरीबरोबर बिरडे वाढतात. एरवीच्या दिवसांत त्यात कोलंबी किंवा सोडे (सोलून सुकवलेली कोलंबी) घालतात. सोडे धुऊन दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात भिजवावेत, डाळिंब्यांच्या आधी वाटणात परतावेत आणि मीठ चव पाहूनच घालावे.