हस्तर पुराणातला नाही

‘तुंबाड’ (२०१८) पाहिल्यापासून अनेकजण ठामपणे सांगतात, हस्तर हा पुराणातला विस्मृतीत गेलेला देव. नाही हो! कुठल्याही पुराणात तो नाही. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटासाठीच तो रचला गेला. तुंबाड गाव मात्र खरं, रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातलं.

गैरसमजाचं मूळ सुरुवातीतच आहे. बाप मुलाला गोष्ट सांगतो: समृद्धीची देवी, तिचा हावरा थोरला मुलगा हस्तर, त्याची पूजा कधीच होणार नाही ही अट. आजीच्या तोंडून ऐकल्यासारखी कथा, मग खरी वाटणारच. लगेच १९१८, पाऊस, साखळदंडात बांधलेली म्हातारी. ‘झोप, नाहीतर हस्तर येईल’ म्हटलं की ती गप्प होते. हस्तर अजून दिसलेलाही नसतो, पण नायक विनायकची हाव आपल्याला कळलेली असते.